लाल ठिपक्याची चांदी

बेकर्स फोर्ड, ओहायो
१४ जानेवारी २०१२

वेंडेल,

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिणार नव्हतो. फोन केला असता, पण तू उचलला असतास तर बोलावं लागलं असतं. म्हणून हे पत्र.

काल शुक्रवार. नेहमीप्रमाणे बँकेत गेलो. काउंटरवरच्या ग्लेनिसनं खालच्या खणातून अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचे रोल काढून दिले. या गावात अर्धे मागणारा मी एकटाच, त्यामुळे कुणी आणून दिले की ती माझ्यासाठी बाजूला ठेवते. आणि हे रोल होते हातानं कागदात गुंडाळलेले! म्हणजे कुणाच्या तरी कपाटातला, एखाद्या आजोबांच्या बरणीतला माल. माझे हात शिवशिवायला लागले. घरी येऊन फर्नला म्हटलं, "कॉफी टाक, आज काहीतरी निघणार." टेबलावर मेणकापड अंथरलं, पहिला रोल फोडला.

आणि निघालं काय? एकूण एक नाण्यावर, केनेडीच्या मानेखाली, लाल नेल पॉलिशचा ठिपका.

अरे, ही खूण करणारं जगात एकच घर मला माहीत आहे! एकदा बघून झालेलं नाणं फिरून आपल्याच हाती आलं तर वेळ फुकट जाऊ नये, म्हणून ठिपका द्यायचा, ही अर्लीनची, माझ्या बहिणीची युक्ती. तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी स्वतः ढिगानं ठिपके दिलेत. म्हणजे तू मिलर्सटनहून चाळीस मैल गाडी हाकत येतोस आणि तुझी उष्टी नाणी माझ्या बँकेत टाकून जातोस? जिथून दुसरा माणूस घेतो तिथे आपला गाळ ओतायचा नाही, हे तूच मला शिकवलंस ना, मेहुण्या? ओहायोतल्या बाकीच्या बँका काय ओस पडल्या?

तसंही आजकाल काही निघत नाही. जुनी चांदीची नाणी सगळ्यांनी उपसून नेली. गेल्या तीन-चार वर्षांत मला एक चांदीचं नाणं मिळालेलं नाही. फर्न म्हणते, आता सोड हा नाद, पत्ते खेळायला लाग. अर्लीनच्या स्वयंपाकघरात कसं मिळायचं, आठवतं? खिडकीजवळची माझी खुर्ची. तिथे बसलो की हमखास. ते नशीब त्या खुर्चीतच राहिलं बहुतेक.

असो. तुझा गाळ दुसरीकडे टाक, एवढंच सांगायचं होतं.

ऑरिन

*

मिलर्सटन
१८ जानेवारी

ऑरिन,

बँक तुझ्या वडिलांची आहे हे मला माहीत नव्हतं. काउंटरवरच्या बाईनं तसं काही सांगितलं नाही.

आत्ताच तुझ्या गावाहून परत आलो. बुधवारी तिकडे माझं काम असतं. काय काम, ते तुला सांगायला मी बांधील नाही. आज आणखी रोल दिलेत. ते घे किंवा नको घेऊस, पण घेतलेस तर नीट बघ. पहिल्या नाण्यावर ठिपका दिसला की तोंड वाकडं करून रोल बाजूला सारणारा माणूस आहेस तू. कारखान्यातही तेच करायचास. काचेच्या पहिल्या बाटलीला चीर दिसली की अख्खं खोकं नापास.

उष्ट्यातही कधीकधी काही राहून जातं.

फर्नला माझा नमस्कार. तिचा गुडघा कसा आहे?

वेंडेल

*

बेकर्स फोर्ड
४ फेब्रुवारी

वेंडेल!

बस आधी. बसलास?

गेल्या शुक्रवारी तुझे ते उष्टे रोल घेतले. घेणार नव्हतो, पण तू टोमणा मारलास म्हणून मुद्दाम एकेक नाणं कडेवर उभं करून पाहिलं. तांब्याची रेघ, तांब्याची रेघ, तांब्याची रेघ, आणि मधेच एक कड पांढरीशुभ्र! माझा विश्वासच बसेना. उचललं, टेबलावर टाकलं. तो आवाज! इतरांचा खट्ट असा मेला आवाज, आणि याचा कसा खणखणीत, लांब. उलटून पाहिलं तर चौसष्ट सालचं. अस्सल चांदी. मी असा काही ओरडलो की फर्न बिचारी ओल्या हातांनी धावत आली, तिला वाटलं मला झटका आला.

आणि काल आणखी दोन! त्यातलं एक केनेडीच्या आधीचं, घंटावालं. फर्न म्हणते, मी सकाळपासून शीळ घालतोय. म्हणते, "किती वर्षांनी ऐकली रे ही शीळ." मला तर कळलंही नव्हतं.

तुला आठवतं, अर्लीन सिंकपाशी भांडी घासत असायची, पाठ आपल्याकडे. नळ चालू, रेडिओ चालू, आपण दोघं नाणी ओततोय, वाद घालतोय. आणि मधेच ती मागे वळून न बघता म्हणायची, "तो बघा, वाजला." आपल्याला अजून कळलेलंही नसायचं! मग ढिगात शोधायचं, तर खरंच चांदी. आणि निघायची ती माझ्याच ढिगात. तू कसा जळायचास! मग ती ओव्हनमधून पीचची गोड पाई काढून कापायची आणि पहिला तुकडा मला द्यायची. काल नाणं वाजलं तेव्हा मी एकदम मान वळवून सिंककडे बघितलं. कुणी नव्हतं. तेव्हा फर्न बाहेर दोरीवरचे कपडे काढत होती. जरा वेळ मला पुढचा रोल फोडवेना.

पण आता मला सांग, हे काय चाललंय? तिन्ही नाण्यांवर लाल ठिपका आहे. म्हणजे तू ती हातात घेतलीस, बघितलीस, ठिपका दिलास आणि चांदी तशीच परत गुंडाळलीस? तू? दिवा मालवलेला असतानाही बोटांनी चांदी ओळखणारा माणूस? इतका आंधळा झालास काय रे, म्हाताऱ्या?

चिडवतोय. पण उत्तर दे.

ऑरिन

*

मिलर्सटन
८ फेब्रुवारी

ऑरिन,

हिवाळ्यात उजेड कमी असतो. राहिली असतील एक-दोन.

तू ओरडलास म्हणतोस, पण उठून उभा राहिलास का? पूर्वी चांदी निघाली की तू खुर्ची मागे ढकलून उभा राहायचास आणि नाणं दिव्यापाशी धरायचास. अर्लीन म्हणायची, माझी फरशी खरवडली याने. म्हणून विचारतो.

आणि घंटावालं कितव्या रोलमध्ये निघालं? सुरुवातीला की शेवटी? तुझी कॉफी पिऊन झाली होती की मधेच? ते तू कुठे ठेवलंस?

सविस्तर लिही. इथे बर्फ आहे, दुसरं काही वाचायला नाही.

वेंडेल

*

बेकर्स फोर्ड
१९ फेब्रुवारी

प्रिय ट्रिना,

तुझ्या मामाचं पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे. फर्नमामीचा गुडघा जुनाच आहे, त्यात नवीन काही नाही.

लिहितोय ते तुझ्या बाबांबद्दल. आमचं बोलणं तुटलं होतं हे तुला माहीत आहे. तुझ्या आईला पोचवून आलो त्या दिवशी पोर्चवर त्याने तिचा नाण्यांनी भरलेला कॉफीचा डबा माझ्यापुढे धरला, आणि मी भडकलो. बहीण गेली आणि हा मला डबा देतो, म्हणून. जाऊ दे ते. आता पुन्हा पत्रं सुरू झालीत, आणि त्यामुळेच माझ्या लक्षात आलं.

पोरी, त्याला दिसत नाही.

मी उगाच बोलत नाही. दर बुधवारी तो माझ्या बँकेत अर्ध्यांचे रोल देतो, त्याने तपासलेले. आणि दर शुक्रवारी मला त्यात चांदी सापडते. एखादं नाही, आता माझ्या खिडकीत रांग लागलीय! प्रत्येकावर त्याचा ठिपका. म्हणजे बघून, खूण करून टाकलेली. ट्रिना, तू या नादात कधी पडली नाहीस म्हणून सांगतो. पांढरी कड आणि तांब्याची कड यांतला फरक पाच वर्षांच्या पोराला दिसतो. आणि हातात आलेली चांदी बँकेला परत देणारा शोधक अजून जन्माला यायचाय. म्हणजे दुसरं कारण असूच शकत नाही.

गेल्या पत्रात तर काहीच्या बाहीच विचारलं त्याने. मी उभा राहिलो का, कॉफी संपली होती का. मला ते वाचून कसंतरी झालं.

आणि हा माणूस दर आठवड्याला दगडखाणीजवळच्या त्या वळणावरून गाडी घेऊन येतो! बर्फात! तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू उद्या काही झालं तर? त्याची किल्ली काढून घे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. आणि माझं नाव सांगू नकोस, आत्ता कुठे बोलायला लागलाय.

तुझा
ऑरिनमामा

*

मिलर्सटन
२ मार्च

प्रिय ऑरिनमामा,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. रविवारी चर्चहून आल्यावर मी बाबांना म्हटलं, डॉक्टरांनी डोळे तपासेपर्यंत गाडीची किल्ली माझ्याकडे राहू दे. मला वाटलं आरडाओरडा करतील. काही नाही. खुंटीवरून किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मग एवढंच विचारलं, "बुधवारी मला बेकर्स फोर्डला कोण नेईल?" मी म्हटलं, बाबा, तिथे असं काय आहे? तर आत निघून गेले.

मामा, मला रडू आलं हो. गाडी म्हणजे त्यांचं आता राहिलेलं एकच. आईच्या जागी गाडीशीच बोलतात.

डॉक्टरांची वेळ बावीस तारखेची मिळालीय, त्याआधी नाही. पण एक गोष्ट मला खटकते. परवा मी जेवणाचा डबा द्यायला गेले तर ते टेबलापाशी बसून नाण्यांवर ठिपके देत होते. नेल पॉलिशचा तो एवढासा ब्रश, आणि ठिपका अगदी जागच्या जागी, एकही सांडलेला नाही. चष्मासुद्धा कपाळावर होता. दिसत नसलेल्या माणसाला हे जमेल का?

आणि तुमचं नाव मी घेतलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मी ताटल्या उचलायला लागले. पण माझा चेहरा तुम्हाला माहीतच आहे.

तुमची
ट्रिना

*

मिलर्सटन
७ मार्च

ऑरिन,

आज बुधवार आणि मी घरी बसलोय. तुझ्या कृपेनं.

ट्रिनाला खोटं बोलता येत नाही. आईवर गेली असती तर आलं असतं. अर्लीन इतकं सफाईदार खोटं बोलायची की तुला पस्तीस वर्षं पत्ता लागला नाही. तू विषय काढलाच आहेस, तर आता ऐकच.

ती खिडकीजवळची खुर्ची. तुझं नशीब. त्या खुर्चीत काहीही नव्हतं, ऑरिन. नशीब तिच्या एप्रनच्या खिशात होतं. कारखाना बंद पडला आणि तू शुक्रवारी आमच्याकडे येऊन भिंतीकडे बघत बसायला लागलास, तेव्हापासूनचं हे. तू यायच्या आधी ती एका रोलचं टोक उलगडायची, वरची दोन-चार नाणी काढायची, आपल्या डब्यातलं एक चांदीचं मधे सरकवायची आणि टोक पुन्हा होतं तसं दुमडायची. मला कधी तसं दुमडता आलं नाही. मग तो रोल तुझ्यापुढे यायचा आणि ती सिंकपाशी जाऊन पाठ करून उभी राहायची. तिला तुझ्याआधी आवाज कसा यायचा म्हणतोस? ती त्याचीच वाट बघत असायची. नाणी पडायला लागली की तिचा हात ताटलीवर थांबायचा. मला दिसायचं, तुला नाही.

मी जळायचो म्हणतोस. मी एकदा म्हटलंही तिला, अगं, घराबाहेर चाललीय चांदी. तर म्हणाली, "तो उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड बघ आणि मग बोल." मी बघितलं. नंतर कधी बोललो नाही.

शेवटी हॉस्पिटलमध्ये तिला जास्त बोलवत नव्हतं. मला म्हणाली, डब्यात आहे ते ऑरिनचं. पण त्याच्या हातात देऊ नकोस. हातात दिलेलं त्याला कधी गोड लागलं नाही, लहानपणी ईस्टरला कुणी अंडं हातात ठेवलं तर फेकून द्यायचा आणि रिकामी टोपली घेऊन गवतात लपवलेली अंडी शोधत हिंडायचा. त्याला सापडू दे, म्हणाली.

तरी मी पोर्चवर डबा तुझ्यापुढे धरला. मला वाटलं, आता ती नाही, कुठे रोल करत बसू. ते तेव्हा जिवावर आलं होतं. तू जे बोललास ते बोललास. मग डबा तसाच पडून राहिला, आणि माझ्यानं काही करवेना. गेल्या शरद ऋतूत एकदा, रात्री स्वप्नात नाही, चांगलं दिवसाढवळ्या, ताटल्या पुसताना मला वाटलं की ती विचारतेय, "झालं का ते?" दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात गेलो. तिची नेल पॉलिशची बाटली सुकून दगड झाली होती. नवी मागितली. तिथली मुलगी म्हणाली, "कुणासाठी हवीय, आजोबा?" मी म्हटलं, मेहुण्यासाठी. तिचा चेहरा तू बघायला हवा होतास.

तुझ्या गावात अर्धे मागणारा तू एकटा आहेस, हे मला ग्लेनिसनं पहिल्याच दिवशी सांगितलं. आधी नुसते ठिपक्यांचे साधे रोल दिले, तुझं लक्ष वेधावं म्हणून. मग चांदी घातली. आणि चांदीवर ठिपका मुद्दाम दिला. मला वाटलं, तो लाल रंग बघून तू ओळखशील की हे कुणाकडून आलं. ती खूण तिची होती ना? तूच लिहिलंस पहिल्या पत्रात, माझ्या बहिणीची युक्ती म्हणून! तिची सही तुझ्या हातात होती, आणि तू त्यात माझा मोतीबिंदू ओळखलास.

मी उगाच विचारत नव्हतो, तू उभा राहिलास का म्हणून. मला चाळीस मैलांवरून दिसत नाही ना.

आता कळलं तुला सगळं. म्हणजे आता ते कधीच सापडणार नाही. तिनं एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट मी रागाच्या भरात फोडली. तुझा राग आहेच, पण माझाच जास्त आलाय.

वेंडेल

*

बेकर्स फोर्ड
१७ मार्च

वेंडेल,

पत्र टपालपेटीपाशीच उभ्यानं वाचलं. मग आत येऊन फर्नला वाचून दाखवलं. ती काय म्हणाली माहीत आहे? "मला माहीत होतं." अर्लीननं तिला पाई करताना सांगितलं होतं, कोण जाणे कोणत्या साली! सगळ्यांना माहीत. पाई करणाऱ्या बायकांना माहीत. मलाच तेवढं नाही.

मी रागावलो, खोटं कशाला सांगू. आठवडाभर मेणकापड अंथरलं नाही. म्हटलं, म्हणजे मला आयुष्यात एकही स्वतःहून सापडलं नाही? सगळे शुक्रवार ती मला लहान पोरासारखी खेळवत होती? कारखाना बुडाला तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरायचो, अजून आपला हात चालतो, बघा! खिशात नाणं घेऊन हिंडायचो दाखवत. आणि ती ऐकून घ्यायची. "हो रे, तुझा हातच तसा आहे," म्हणायची. अरे, किती वेळा म्हणाली असेल.

मग काल शुक्रवारी खिडकीतली ती रांग उचलून टेबलावर घेतली. एकेक ठिपका बघितला. तुझ्या जाड बोटांनी दिलेला, पण रंग तिचाच. आणि मला एकदम आठवलं की कारखाना बंद झाला त्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे येताना पुलावर गाडी थांबवून बराच वेळ खाली पाण्याकडे बघत असे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, फर्नलाही नाही. तरी गाडी पुन्हा चालू करायचो ती एवढ्याचसाठी की शुक्रवार आहे, आज काहीतरी निघेल. तिला ते माहीत होतं का, वेंडेल? मला वाटतं माहीत होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. फर्ननं पुढ्यात कॉफी ठेवली.

किल्लीचं माझ्याकडून फार चुकलं. ट्रिनाला फोन करून सांगितलंय, आज जाऊन देऊन टाक म्हणून. ती म्हणते बावीस तारीख होऊ दे. हट्टी आहे पोरगी. तोवर बुधवारी मी येऊन तुला कुठे हवं तिथे नेतो. मला आता दुसरं काम तरी काय आहे.

आता एक मागतो. डब्यात अर्लीनचं पहिलं नाणं असणार. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिला तुमच्या त्या भाड्याच्या खोलीत सापडलेलं, चालणारी बाई कोरलेलं. झिजून बाईला तोंड राहिलेलं नाही. ते तिनं मला कधी सरकवलं नसणार. सरकवलं असतं तर मी ओळखलं असतं.

मला ते हवंय. पण हातात देऊ नकोस. आणि माझ्या रोलमध्ये घालून माझ्यापुढे सरकवूही नकोस, तेही आता पुरे झालं. कसं करायचं ते मला माहीत नाही. पण मला एकदा, फक्त एकदा, काहीतरी खरोखरच सापडू दे.

ऑरिन

*

मिलर्सटन
२८ मार्च

ऑरिन,

डॉक्टरनं तपासलं. म्हणाला, या वयात असे डोळे मी बघितले नाहीत. ते मी त्याच्याकडून लिहून घेतलं आणि फ्रिजवर लावलंय, तू आलास की वाचायला. किल्ली खुंटीवर परत आली.

पुलाचं तिला माहीत होतं. कारखान्यातल्या कुणीतरी तुझी गाडी तिथे उभी बघितली होती. तिनं मला फक्त एवढंच सांगितलं, की आता शुक्रवार कधी चुकवायचा नाही. मला तेव्हा वाटलं, ती नाण्यांबद्दल बोलतेय.

तुझं मागणं मी दोन दिवस डोक्यात घोळवत होतो. मी रोल केला तर मला ठाऊक असणार, आणि माझा चेहरा ट्रिनासारखाच आहे, तू लगेच पकडशील. म्हणून ट्रिनाला बोलावलं. सगळ्या बँका फिरून मिळाले तेवढे अर्धे आणले, आपलं अख्खं टेबल भरेल एवढे. मग ते आणि डब्यात उरलेलं पहिलं नाणं तिच्या स्वाधीन केलं, आणि मी बाहेर जाऊन गाडी धूत बसलो. तिनं सगळी नाणी धुण्याच्या टोपलीत ओतून कालवली, डोळे मिटून रोल भरले, आणि मग रोलही कालवले. कुठल्याही नाण्यावर ठिपका नाही. आता ते कुठे आहे हे तिला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. पहिल्यांदाच, ऑरिन. त्या टेबलावर पहिल्यांदाच कुणालाच माहीत नाही.

सहा तारखेला गुड फ्रायडे आहे. संध्याकाळी या दोघं. मी मासे तळतो, पाई फर्नवर सोपवतो. रोल निम्मे तुझे, निम्मे माझे, चिठ्ठ्या टाकून वाटायचे. मला सापडलं तर ते माझं, आधीच सांगून ठेवतो, नंतर कुरकुर नको. तुझी खुर्ची खिडकीपाशीच आहे. फरशी खरवडू नये म्हणून मी तिच्या पायांना खाली फेल्टचे तुकडे लावणार होतो, पण नाही लावलं. ढकल हवी तेवढी.

भांडी ट्रिना घासणार आहे. तिनं स्वतःच सांगितलं, मी सिंकपाशी पाठ करून उभी राहीन आणि वाजलं की सांगीन. लहानपणी वरच्या खोलीत झोपायच्या वेळी तिला तो आवाज यायचा म्हणे, आणि मागोमाग तुझी खुर्ची. अजून ओळखू येतो का, ते तिला बघायचंय.

वेंडेल